जुन्या जर्मन मोटारीची निगा

मोटारगाडी जुनी झाली कीं ती निकामी झाली, असा समज आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे. घड्याळ जुनें झालें तर लोक तें घड्याळजीकडे नेतात, तंबोरा जुना झाला तर त्याच्या तारा बदलतात. मोटारीच्या बाबतींत मात्र पंधरा-वीस वर्षें उलटलीं कीं ‘आतां विकून टाका’ हा सल्ला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून न मागतां मिळूं लागतो. कित्येक गाड्यांच्या बाबतींत हा सल्ला योग्यच असतो. परंतु कांहीं गाड्या अशा आहेत कीं, त्या टाकून देण्यापूर्वीं त्यांचा दोष नेमका काय आहे याची चौकशी करणें मालकाच्या हिताचें ठरतें. जर्मनींतील मर्सिडीज-बेंझ कंपनीची ‘डब्ल्यू १२४’ या सांकेतिक नांवानें ओळखली जाणारी गाडी ही त्यांपैकीं एक होय.

ही गाडी १९८४ सालाच्या अखेरीस प्रथम लोकांपुढें आली. ब्रूनो साको हे त्या वेळीं कंपनीच्या आकृतिरचना विभागाचे प्रमुख होते. वाऱ्याला कमींत कमी अडथळा व्हावा म्हणून गाडीचा मागचा भाग त्यांनीं किंचित् निमुळता केला, आणि सर्व बाह्य रूप इतकें साधें ठेवलें कीं आज चाळीस वर्षांनंतरहि तें डोळ्यांना खुपत नाहीं. १९९३ पासून या गाडीस ‘ई-क्लास’ हें नांव मिळालें. सर्व प्रकार मिळून पंचवीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. जर्मनींत ती डॉक्टर, वकील व कारखान्यांचे व्यवस्थापक यांच्या दारांत उभी असे, आणि तीच गाडी फिकट हस्तिदंती रंग लेवून टॅक्सी म्हणून रस्त्यावर रात्रंदिवस राबत असे.

महाराष्ट्राचा या गाडीशीं विशेष संबंध आहे. डेम्लर-बेंझ व टेल्को यांचें सहकार्य मालमोटारींच्या निमित्तानें १९५४ सालीं सुरू झालें होतें. पुढें १९९४ सालीं मर्सिडीज-बेंझची भारतांतील कंपनी स्थापन झाली, आणि १९९५ सालीं पुण्यास टेल्कोच्या आवारांत याच डब्ल्यू १२४ ची जोडणी सुरू झाली. भारतांत तयार झालेली पहिली मर्सिडीज प्रवासी गाडी ती हीच. त्या गाड्यांचें वय आतां तीस वर्षांच्या घरांत आहे. कित्येक घरांतून ती वडिलांची आठवण म्हणून आच्छादनाखालीं उभी असते, आणि ‘हिच्यावर खर्च करावा कीं ही भंगारांत द्यावी’ हा प्रश्न दर पावसाळ्यानंतर नव्यानें उभा राहतो. त्या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं गाडी म्हातारी होते म्हणजे नेमकें काय होतें, हें समजून घेतलें पाहिजे.

मोटारीचें वय मोजण्याचीं मापें दोन आहेत. एक किलोमीटरांचें आणि दुसरें पंचांगाचें. एंजिनांतील पोलादी भाग, गिअरचे दांते, चाकांचीं बेअरिंगें हीं धावल्यानें झिजतात. रबर, प्लास्टिक, तारांवरील आवरणें आणि निरनिराळे द्रव मात्र गाडी जागच्या जागीं उभी असली तरी म्हातारे होत जातात. या गाडीचा पोलादी भाग असा भक्कम आहे कीं, टॅक्सीच्या धंद्यांत हिच्या डिझेल एंजिनांनीं पांच-पांच लक्ष किलोमीटरांची मजल मारल्याचीं उदाहरणें दुर्मिळ नाहींत. तेव्हां तीस वर्षांच्या गाडींत आजार उद्भवला तर त्याचें मूळ बहुतेक वेळां पोलादांत नसून पंचांगानें म्हाताऱ्या होणाऱ्या भागांत असतें. हें एक सूत्र ज्यानें ध्यानांत ठेवलें त्याचा निम्मा खर्च वांचला. जुनी गाडी विकत घेणारे लोक किलोमीटरांचा आंकडा कमी दिसला कीं भुलतात. वस्तुतः तीस वर्षांत अवघी साठ हजार किलोमीटर धावलेली, एरव्हीं बंद गॅरेजांत पडून राहिलेली गाडी ही नियमानें चालविलेल्या व नियमानें तपासलेल्या तीन लक्ष किलोमीटरांच्या गाडीपेक्षां अधिक खर्चाची निघण्याचा संभव असतो.

गाडीची दुरुस्ती वारंवार करावी लागणार हें ज्यांनीं ती घडविली त्यांना ठाऊक होतें. हिचें बॉनेट नेहमींच्या उंचीवर थांबतें. पण बिजागरीवरील खटका सोडवला म्हणजे तें सरळ उभें, काटकोनांत राहतें, आणि कारागिराला एंजिनावर मोकळेपणानें वांकतां येतें. एंजिनांतील झडपांची हालचाल साखळीनें होते. ठराविक मुदतीनें बदलावा लागणारा रबरी पट्टा तेथें नाहीं. झडपांमधील अंतर तेलाच्या दाबानें आपोआप राखलें जातें. अशा यंत्राची निगा राखण्यास मोठी विद्या लागत नाहीं. क्रम आणि चिकाटी लागते.

हा क्रम द्रवांपासून सुरू करावा. एंजिनाचें तेल वेळच्या वेळीं बदलण्याची आवश्यकता सर्वांस माहीत आहे. वर्षांत गाडी थोडीच फिरली तरी तेल वर्षांतून एकदां बदललेलेंच बरें. कारण थोड्या अंतराच्या फेऱ्यांत एंजिन पुरतें तापत नाहीं व आंत जमलेला दमटपणा उडून जात नाहीं. स्वयंचलित गिअरपेटीचें तेल व त्याची गाळणी सुमारें ६०,००० किलोमीटरांनंतर बदलावी, आणि त्या तेलाची पातळी एंजिन चालू असतांना व तेल गरम असतांनाच पाहावी. थंड स्थितींत पाहिलेली पातळी फसवी असते, आणि तिच्यावर विसंबून अधिक तेल ओतणें हें कमी तेलाइतकेंच वाईट. एंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यांत जें औषध मिसळतात तें केवळ बर्फ होऊं नये म्हणून नसतें. तें धातूला गंजूं देत नाहीं आणि पाण्याचा उत्कलनबिंदुहि वाढवितें. ‘आपल्याकडे बर्फ कोठें पडतो?’ असें म्हणून जो नुसतें नळाचें पाणी भरतो तो एंजिनाच्या आंत क्षार व गंज यांची पेरणी करीत असतो. हें मिश्रण तीन वर्षांनीं बदलावें. तें बदलतांना रेडिएटरचें प्लास्टिकचें तोंडहि तपासावें. उष्णतेनें तें कालांतरानें ठिसूळ होतें, आणि रस्त्यांत तुटलें तर सगळें पाणी कांहीं क्षणांत वाहून जातें.

सर्वांत अधिक उपेक्षा होते ती ब्रेकच्या द्रवाची, आणि जिवाशीं गांठ असते ती त्याचीच. हा द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो. ताजा असतांना तो २३० अंश सेल्सियसपर्यंत तरी उकळत नाहीं; पण त्यांत पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलें कीं ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. गांवांतल्या गांवांत हिंडतांना हा फरक कळतच नाहीं. घाटाच्या लांब उतारावर मात्र ब्रेक सतत दाबून तापतात, द्रव उकळतो व त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाहीं, वाफ दाबली जाते. यामुळें पाय खालपर्यंत जातो आणि गाडी थांबत नाहीं. काल संध्याकाळपर्यंत चांगले असलेले ब्रेक आज खंडाळ्याच्या उतारावर दगा कसे देतात, याचें उत्तर बहुधा येथें सांपडतें. दर दोन वर्षांनीं हा द्रव बदलणें हा या गाडीवरील सर्वांत स्वस्त विमा होय.

द्रवांनंतर रबराकडे वळावें. गिअरपेटी व मागच्या चाकांकडे शक्ति नेणारा लांब दांडा यांच्या सांध्यांत रबराची जाड चकती असते. तिच्या आंत दोऱ्यांचें वेष्टन असतें. ती तडकली कीं ठराविक वेगावर गाडी थरथरूं लागते. एंजिन ज्या बैठकींवर टेकलेलें असतें त्याहि रबराच्या असून त्यांत द्रव भरलेला असतो. तो गळून गेला म्हणजे गाडी उभी असतांना सुकाणूचें चाक हातांत कांपतें. अशा वेळीं ‘एंजिन खलास झालें’ असें निदान ऐकण्यांत येतें, आणि वस्तुतः एंजिन धडधाकट असून त्याची गादी मात्र बसलेली असते.

परंतु रबराच्या म्हातारपणाचा खरा चमत्कार पाहावयाचा असेल तर या गाडींतील निर्वातावर चालणाऱ्या योजनेकडे पाहावें. हवा ओढून घेतली कीं पोकळी निर्माण होते, आणि बाहेरच्या हवेचा दाब त्या पोकळीकडे ढकलूं लागतो. या ढकलण्याचा उपयोग मर्सिडीजच्या कारागिरांनीं अनेक कामांसाठीं करून घेतला आहे. पेट्रोल एंजिनांत हवेच्या वाटेवर झडप असल्यानें अशी पोकळी आपोआप निर्माण होते. डिझेल एंजिनांत ती तशी होत नाहीं, म्हणून एंजिनाच्या पुढच्या अंगास हवा ओढणारा निराळा पंप बसविलेला आहे. तेथून निघालेल्या बारीक नळ्या गाडीभर पसरलेल्या असतात, व त्यांचे सांधे छोट्या रबरी तुकड्यांनीं जोडलेले असतात.

या पोकळीच्या जोरावर ब्रेक हलके लागतात. गिअर केव्हां व किती मऊपणें पडावा हेंहि तीच ठरविते. डिझेल गाडींत एंजिन बंद करण्याचें कामहि तिचेंच. किल्ली फिरवून बाहेर काढली तरी एंजिन घुमतच राहिलें, असा अनुभव या गाडीच्या मालकांस कधीं कधीं येतो, आणि ते भांबावून जातात. त्यांत भुताटकी कांहींच नसते. किल्ली फिरविल्यावर जी पोकळी इंधनाच्या पंपापर्यंत पोंचून त्याची वाट बंद करावयाची, ती वाटेंतच एखाद्या फाटक्या रबरी सांध्यांतून गळून गेलेली असते. त्याच गळतीमुळें गिअर धक्के देऊन पडूं लागतात. येथें मालकाची खरी परीक्षा असते. धक्के बसूं लागले कीं एखादा घाईचा मिस्त्री ‘गिअरपेटी उघडावी लागेल’ असें सांगतो, आणि त्या कामाचा आंकडा ऐकून मालक गाडी भंगारवाल्याच्या हवालीं करण्याच्या विचारास लागतो. जो कारागीर आधीं निर्वाताचा दाबमापक लावून एकेक नळी तपासतो, त्याला पुष्कळदां करंगळीच्या पेराएवढा रबरी तुकडाच दोषी सांपडतो. गिअरपेटी कधींच बिघडत नाहीं असा याचा अर्थ नाहीं; मात्र तिच्यावर आरोप ठेवण्यापूर्वीं स्वस्त साक्षीदारांची जबानी घ्यावी. ब्रेकचें पेडल अकस्मात् दगडासारखें घट्ट लागूं लागलें तर मात्र क्षणभरहि वाट पाहूं नये. गाडी जागींच उभी करून पंप, नळ्या व ब्रेकचा साहाय्यक डबा तपासून घ्यावा.

विजेच्या भागांतहि हाच न्याय लागू पडतो. १९९२ ते १९९५ या काळांत बनलेल्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या एंजिनावरील तारांचें आवरण असें होतें कीं, तें उष्णतेनें वाळून बिस्किटाप्रमाणें चुरा होऊन पडतें. उघड्या पडलेल्या तारा एकमेकींस चिकटल्या कीं एंजिन गचके देतें, उभ्या जागीं बंद पडतें, कधीं सुरूच होत नाहीं. लक्षणें पाहून कोणी प्लग बदलतो, कोणी इंधनाचा पंप बदलतो, कोणी नियंत्रणाची महागडी विद्युत्पेटी बदलतो. आणि नवी पेटीहि त्याच उघड्या तारांच्या संसर्गानें जळण्याचा धोका असतो. म्हणून त्या सालांतील गाडी असेल तर प्रथम तारांचा जुडगा हळूच वांकवून पाहावा. आवरण तडकत असेल तर संपूर्ण जुडगा नवा घालावा. चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेणें म्हणजे आग झांकून ठेवणें होय. याउलट एक अगदीं साधा दोष फ्यूजांचा. या गाडींत गोळीच्या आकाराचे जुन्या धर्तीचे फ्यूज आहेत. दमट हवेंत त्यांच्या टोंकांवर बुरशीसारखा थर चढतो, आणि फ्यूज न जळतांहि वीज पुढें जात नाहीं. वायपर, दिवे किंवा पंखा मनास येईल तसे वागूं लागले तर प्रत्येक फ्यूज काढून, टोंकें स्वच्छ करून किंवा नवीन फ्यूज घालून मगच पुढचा विचार करावा. पुढच्या कांचेवरील एकच मोठा वायपर ही तर या गाडीची ओळखच. तो फिरतां फिरतां आंतबाहेर सरकतो व कांचेचा सुमारें ८६ टक्के भाग पुसतो. त्याच्या यंत्रणेंत वंगण सुकलें तर मोटारीवर ताण पडतो. म्हणून मृगाच्या आधीं तेथें वंगण घालून ठेवावें.

चाकांच्या जोडणीविषयीं थोडेंच सांगितलें तरी पुरे. मागील प्रत्येक चाक पांच निरनिराळ्या दांड्यांनीं धरून ठेवलेलें आहे. १९८२ सालीं याच कंपनीच्या लहान गाडींत प्रथम आलेली ही रचना पुढें फार नांवाजली. या दांड्यांचे रबरी सांधे सैल झाले कीं गाडी सरळ जातांना मागून डोलल्यासारखी वाटते व टायर आंतल्या बाजूनें झिजतात. एकच सांधा बदलून बाकीचे जुने ठेवणें हें फाटक्या धोतरास एक ठिगळ लावण्यासारखें आहे. दोन्ही बाजूंचे सांधे एकदम बदलून चाकांची दिशा मोजून घ्यावी. पुढच्या स्प्रिंगा मात्र घरगुती हौशी माणसानें काढूं नयेत. त्यांत प्रचंड ताण कोंडलेला असतो, आणि या गाडीसाठीं स्प्रिंगच्या आंतून दाबून धरणारें खास अवजार लागतें. तें नसतांना केलेलें धाडस प्राणावर बेतूं शकतें.

आतांपर्यंत सांगितलेले सर्व दोष पैसे टाकले असतां दुरुस्त होतात. गाडीचा खरा शत्रु गंज हा आहे. जॅक लावण्यासाठीं दोन्ही अंगांस जीं भोंकें आहेत त्यांवरील टोपणें निघालीं कीं आंत पाणी व चिखल सांठतो. १९८९ नंतरच्या गाड्यांना दारांच्या खालच्या भागीं प्लास्टिकचे रुंद पट्टे आले. त्यांच्या मागें माती अडकून बसते व बाहेरून सर्व चकचकीत दिसतें. पुढच्या कांचेखालीं झाडाचीं पानें कुजून पाण्याच्या वाटा बुजतात, आणि तेंच पाणी पायांखालच्या गालिच्यांत मुरतें. मुंबई-कोंकणांतील खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस यांत हें काम झपाट्यानें होतें. म्हणून वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व नंतर, गालिचे उचलून, टोपणें काढून, पाण्याच्या वाटा मोकळ्या करून गाडी खालून पाहावी. या कामास पैसा लागत नाहीं. एक सुट्टीची सकाळ लागते.

सुट्या भागांची चिंता इतर जुन्या गाड्यांच्या मानानें कमी आहे. कंपनीनें १९९३ सालीं स्टुटगार्टजवळील फेलबाख येथें जुन्या गाड्यांसाठीं स्वतंत्र केंद्र उघडलें, आणि गाड्यांची संख्या मोठी असल्यानें इतर कारखानेहि हे भाग बनवीत आले आहेत. मात्र रबरी वस्तु घेतांना केवळ स्वस्ताईवर जाऊं नये. हलकें रबर दोन उन्हाळ्यांतच पुन्हां तडकतें. पेट्रोल गाडीच्या मालकांनीं आणखी एक खबरदारी घ्यावी. २०२५ सालापासून भारतांत बहुतेक ठिकाणीं २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. तीस वर्षांपूर्वींच्या इंधननळ्यांचें रबर या मिश्रणासाठीं बनविलेलें नव्हतें. तें फुगतें किंवा तडकतें, आणि गरम एंजिनावर पेट्रोलचा थेंब पडणें म्हणजे काय हें सांगावयास नको. या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालून घ्याव्यात.

जर्मनींत १९९७ पासून असा नियम आहे कीं, तीस वर्षांची गाडी मूळच्या स्वरूपांत व चांगल्या स्थितींत राखलेली असेल तर तिला ऐतिहासिक वाहन म्हणून खास नोंदणी मिळते. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, व नंतर गाडी तपासून ती पांच-पांच वर्षांसाठीं वाढवून घ्यावी लागते. ही तपासणी पुष्कळांस कटकट वाटते. पण खरोखर पाहतां, ब्रेक, दिवे, धूर आणि गंज यांकडे पांच वर्षांतून एकदां तरी परक्या माणसाची नजर जाते, हा मालकाचाच लाभ आहे.

अशा गाडीसाठीं घरांत एक वही ठेवावी. कोणता द्रव केव्हां बदलला, कोणता सांधा नवा घातला, कोणतें लक्षण केव्हां व कोणत्या हवेंत दिसलें हें तारखेसह लिहावें. चांगला कारागीर ती वही वाचून अर्धें निदान करतो, आणि घाईचा कारागीर ती पाहून जपून बोलतो. दुरुस्तीचा क्रमहि नेहमीं स्वस्ताकडून महागाकडे असावा. आधीं द्रव, मग रबर, मग तारा व फ्यूज, आणि सर्वांच्या शेवटीं पोलाद.

मग गाडी टाकावी केव्हां? तळाचा व स्प्रिंगांच्या बैठकींचा पत्रा गंजानें खाल्ला असेल तर. कारण तेथें केलेला खर्च पाण्यांत जातो आणि प्रवाशांचा जीव टांगणीला लागतो. तेवढें सुस्थितींत असेल तर धक्के देणारा गिअर, थरथरणारें एंजिन किंवा किल्ली काढल्यावरहि न थांबणारी गाडी पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. तीस वर्षांपूर्वीं पुण्यांत जोडलेली ती गाडी कदाचित् एका रबरी तुकड्याचीच वाट पाहत उभी असेल.